शिवेवरचे लुगडे

रविवार, ६ ऑक्टोबर १९१८

आज उपासनेला मी एकटी. प्रार्थना मीच म्हटली, आमेनही मीच म्हटले. मिशनच्या मडमसाहेब परवा अर्जुनीहून गाडीने गोंदियाला गेल्या, स्वतःच तापाने फणफणलेल्या. जाताना म्हणाल्या, "सुशिला, बंद करून तूपण चल." मी म्हटले, छपरात नऊ माणसे पडली आहेत, त्यांना काय कुलूप लावून जाऊ? त्या रडल्या. मी नाही रडले. त्या वेळी मला स्वतःचा जरा अभिमानच वाटला. इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे कबूल करणार नाही.

आता मिशनचा दवाखाना म्हणजे मीच. दवाखाना तरी काय, कुडाची एक खोली, तिला लागून गवताचे छप्पर, कुनैनची अर्धी बरणी, निलगिरीचे तेल आणि डब्याच्या दुधाचे थोडे डबे. गाव शंभर घरांचे, केशोरीपासून दोन कोस. मालगुजाराने, म्हणजे गावच्या जमीनदाराने, जागा दिली ती गावाच्या शिवेबाहेर, नाल्याच्या काठी. शिवेचा दगड माझ्या दारातून दिसतो. चार वर्षांत गावाने मला दगडाच्या आत बिऱ्हाड करू दिले नाही आणि बाहेरून हाकललेही नाही. "पादरीनबाई" म्हणतात. नवरा पाद्री नव्हता, शाळामास्तर होता, आणि त्यालाही जाऊन सहा वर्षे झाली. पण हे सांगायचे कोणाला?

मानमोडी म्हणतात या तापाला. मान मोडल्यासारखी ठणकते, नाकातून रक्त येते, आणि तीनचार दिवसांत काय तो निकाल लागतो. आज दोघे गेले. पाऊस यंदा मधेच पळाला. तलावात थोडे पाणी आहे, पण ते धानाला सोडायला गावात धड उभा राहील असा माणूस नाही.

प्रभू आजाऱ्याला भ्याला नाही. मीही भिणार नाही. एवढे ठरवून झोपते.

बुधवार, ९ ऑक्टोबर

मनिराम कोतवालाने आज बाजेवर घालून एक बाई आणली. शिवेच्या दगडापाशी बाज टेकवली आणि तिथूनच ओरडला, "बाई, घेऊन जा व! मी पुढं येत नाही." पुढे येत नाही म्हणे! मेल्या, तुझ्यावर पाळी आली की कुठे येशील? माझी मीच बाज ओढत आणली. कंबर अजून धरलेली आहे.

बाई म्हणजे पोरच, वीसबावीस वर्षांची. शामकला नाव. पुनाराम कोहळ्याची बायको. घर गावाच्या या टोकालाच, शिवेपासून हाकेवर. मागोमाग तिची सासू देवकाबाई आली होती, कडेवर चार महिन्यांचे पोर. शामकलाचेच ते. नाव शालीकराम, पोरापेक्षा नावच मोठे. मी म्हटले, सुनेजवळ दोन घटका थांबा, तिला तुमचा आवाज ऐकू येऊ दे. तर म्हातारी म्हणते, "या महिन्यात माहे दोन पोरं गेले. पुनाराम खाटेवर हाय. हा एक नातू धड रायला. मी नाही थांबत." असे म्हणून पोराची टोपी सारखी करत निघूनही गेली. सुनेचा जीव चालला आहे आणि हिला टोपीची पडली आहे! दगडाचे काळीज.

शामकलाचे लुगडे घाणीने भरले होते, जाळून टाकले. आता ती माझ्या गोधडीत आहे. माझी जुनेरी आधीच दोघींना देऊन झाली. अंगावरचे एक उरले आहे. पेटीतले नाताळचे पांढरे धरत नाही.

तापातही पोरगी छाती दाबून धरते आणि "पोट्टा, पोट्टा" करते. मी दर पाळीला तिचे दूध काढून टाकते, नाहीतर आटेल. वाचली तर लागेल.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दुपारी गावात डफ वाजायला लागली तेव्हाच मी ओळखले. मातामायला, साथीच्या देवीला, गावाबाहेर घालवत होते.

गुडघाभर उंचीचा लाकडी गाडा. त्यावर पाट, कडुनिंबाचा पाला, नारळ, बांगड्या, आणि मातेसाठी हिरवेगार कोरे लुगडे. दर घरची एकेक मूठ तांदूळ. शिवाय जुन्या केरसुण्या नि फुटकी सुपे, म्हणजे घरातली पीडा त्यांच्याबरोबर जावी. पुढे मातेचा पुजारी उदाराम. याची बायको मागच्या मंगळवारीच गेली, तरी म्हातारा पुढे होऊन ओढत होता. दगडाच्या बाहेर, अगदी माझ्या कुंपणाला लागून गाडा सोडला आणि सगळे मागे न बघता गेले. आता शेजारच्या गावाने तो आपल्या शिवेबाहेर ढकलायचा, मग त्यांनी पुढच्याच्या. आपली पीडा दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायची, ही यांची भक्ती! प्रभूने सांगितले शेजाऱ्यावर प्रीती कर, आणि हे लोक शेजाऱ्याला मानमोडी पाठवतात.

मला हे नवे नाही. माझा बाप नगरकडे पोतराज होता. मरीआईचे देव्हारे डोक्यावर घेऊन दारोदार फिरायचा आणि कोरड्याचे फटके स्वतःच्याच अंगावर मारून घ्यायचा. मी पाच वर्षांची असताना तो प्रभूचा झाला. कोरडा विहिरीत टाकला. भावकीने त्याला दगड मारले, कानशिलावरची खोक मरेपर्यंत दिसत होती. मला म्हणायचा, "सुशे, ते लाकूड हाय. लाकडाला भ्यायचं नाय."

रविवार, १३ ऑक्टोबर

आज मी ते लुगडे घेतले.

काय झाले ते नीट लिहिते. शामकला सकाळी घामाने भिजली आणि गोधडीही भिजली. थंडी वाजून तिचे दात कडकड वाजत होते. छपरात एक कोरडी चिंधी नव्हती. पेजेला तांदूळ नव्हते. आणि कुंपणापलीकडे, दहा पावलांवर, कोरे लुगडे उन्हात पडलेले, पायलीभर तांदूळ मुंग्या नेत होत्या. शेजारच्या गावाचेही कोणी गाडा न्यायला फिरकले नव्हते. त्यांच्यात तरी उठायला कोण शिल्लक आहे?

उघड्याला वस्त्र द्यावे, भुकेल्याला घास द्यावा, एवढे तर प्रभूने सांगितलेच आहे. ते वस्त्र कुठून आणावे हे सांगितले नाही. मी सरळ गेले, लुगडे उचलले, तांदूळ पदरात घेतले. नारळही फोडला. जरा भीती वाटली, खोटे कशाला बोलू. मग बापाचे बोल आठवले. तो वर बसून हसला असेल.

शामकलाला लुगडे नेसवले तेव्हा तिने डोळे उघडले. पदर चाचपून म्हणाली, "नवं हाय?" मी म्हटले, "देवाने पाठवलं." खोटे नाही बोलले. ती शांत झोपली. छपरातल्या सगळ्यांनी आज पोटभर पेज घेतली.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

काल दसरा होऊन गेला. सोने द्यायला कोणी कोणाच्या दारात गेले नाही. छपरातली एक म्हातारी पहाटे गेली. शामकलाचा ताप उतरला. माझा जीव भांड्यात पडला.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

शामकला आज बसून स्वतःच्या हाताने पेज प्याली, केस विंचरून मागितले. आणि तोंडाची टकळी सुरू! शालीक असा हसतो, शालीक तसा पाय उडवतो, डाव्या कुशीवरच झोपतो. ऐकून ऐकून माझे कान किटले. पण बरे वाटत होते.

मनिराम शिवेवरून सांगून गेला की पोर नुसत्या तांदळाच्या पाण्यावर आहे. गायी आटल्या आहेत, आणि गावातली एकुलती एक दुभती शेळी परवा मेली. अंगावर पाजू शकेल अशी बाई उरलेली नाही, ज्या आहेत त्या तापात. म्हातारी तीनतीन घरे हिंडून येते म्हणे. म्हटले, तिला सांग, उद्या आई येते आहे, दुधासकट.

उद्याचा दिवस कधी उजाडतो असे झाले आहे. या महिन्यात छपरातून बावीस जण खांद्यावरून गेले. पायाने जाणारी ही पहिली.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

काय लिहू?

सकाळी शामकलाला धरून मी शिवेच्या दगडापर्यंत नेले. हिरवे लुगडे, तेल लावलेले केस, अशक्त पण हसरी. देवकाबाई पोराला घेऊन घराच्या पुढे आली होती. आधी तिने हात वर केला. मग चालता चालता जागीच थांबली. तिने तोंडावर हात मारून जी किंकाळी फोडली, ती अजून माझ्या कानात आहे.

"माता आली व! माता परत आली!"

घराघरांतून होते नव्हते तेवढे लोक बाहेर आले. उभे राहता न येणारे दाराला धरून उभे. मनिराम काठी आडवी धरून समोर आला. मी ओरडले, अरे डोळे फुटले का, ही शामकला आहे! देवकाबाई म्हणाली, "शामकला हाय हे दिसते मले. पन अंगावर कोनाचं लुगडं हाय? दोन पोरं माती दिल्यावर आमी तिले घराघरातून काढलं. तिले नेसूनच आली ना ही? आता हिच्या हातात मी पोट्टा देऊ?" आणि पोराला पदराखाली झाकून ती मागे मागे सरत गेली.

पोर रडत होते. शामकला ते ऐकून दोन पावले पुढे गेली. मनिरामची काठी तिच्या छातीला लागली. तो स्वतःच रडत होता मेला, "नोको व बाई, नोको" म्हणत होता, पण काठी काढली नाही.

मग शामकला माझ्याकडे वळली. "बाई, हे लुगडं कोठून आनलं तुमी?"

मी सांगितले.

"तुमाले मालूम होतं, कोनाचं हाय?"

मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार? पोतराजाची लेक मी, मला नसेल ठाऊक तर कोणाला असेल?

 छपराआड जाऊन तिने लुगडे फेडले आणि गोणपाट गुंडाळून बसली. तेव्हा मी पेटी उघडून नाताळचे पांढरे काढून दिले. ते रविवारीही पेटीतच होते. रविवारी मला ते का सुचले नाही, याचा आज दिवसभर विचार केला. सुचले होते. डाग पडतील असे वाटले होते.

शनिवार, १९ ऑक्टोबर

सकाळीच उदाराम पुजारी आला. दगडाच्या त्या बाजूला बसला, मी या बाजूला. पंधरा दिवसांत म्हातारा पार वाळून गेला आहे.

मी म्हटले, लुगडे तुमच्यासमोर जाळते, मग तर झाले? तो म्हणाला, "जाळून नाही जात, बाई. जिनं मातेचं घेतलं, तिनंच तिले वाटेले लावावं. कपाळाले हळदकुंकू लावा, अनवानी चाला, तोंडानं 'चाल माय' म्हना, अन् गाडा ओढा. कोनाच्या गावाच्या शिवेत नाही, पार जंगलात नेऊन सोडू, मोहाच्या झाडाखाली. मंग शामकला तिच्या घरी. कोनी काही म्हननार नाही, मी सांगतो."

"मी ख्रिस्ती आहे, उदारामजी."

"मालूम हाय. म्हनून त मी इचाराले आलो. जबरदस्ती नाही." पुढे म्हणाला, "आज शनवार हाय. मातेले शनवारी नाही त मंगळवारी काढतात. आज झालं त झालं, नाही त मंगळवारी."

मी नाही म्हटले. चढ्या आवाजातच म्हटले. ज्या गाड्यापायी माझ्या बापाने दगड खाल्ले, तो मी कुंकू लावून ओढू? आणि मडमसाहेबांना काय तोंड दाखवू? मिशनच्या वहीतून नाव कापतील ते वेगळेच. उदारामने मान डोलावली, राग नाही काही नाही. काठी टेकत गेला. मला वाटते त्याने वाद घातला असता तर बरे झाले असते.

शामकला छपरात बसून सगळे ऐकत होती. तिने मला एका शब्दाने विचारले नाही. मी पेज दिली ती प्याली.

दुपारी मनिरामकडे डब्याचे दूध पाठवले, कसे कालवायचे तेही सांगितले. संध्याकाळच्या आत डबा शिवेच्या दगडावर परत आला, न उघडलेला. "तुमच्या हातचं नोको म्हनते बुढी." कपाळ माझे! पोर मेले तरी चालेल, पण आपले खूळ सोडायचे नाही.

हे वाक्य लिहिले आणि पुन्हा वाचले. पुढे काही लिहवत नाही.

रविवार, २० ऑक्टोबर

वारा आज गावाकडून आहे. पोर रडले की इथे ऐकू येते. शामकला दिवसभर शिवेच्या दगडाला टेकून बसली होती. रडणे ऐकू आले की माझ्या पांढऱ्या लुगड्याचा पदर पुढून भिजतो. ती पुसतही नाही. दोनदा उठवायला गेले. "ऐकू द्या ना, बाई," एवढेच म्हणाली.

प्रार्थनेला बसले. प्रभूने महारोग्याला हात लावला, ती गोष्ट मी या गावात पन्नासदा तरी सांगितली असेल. महारोग्याला शिवणारा स्वतः बाटतो असे त्या काळी मानत. तरी त्याने हात लावला. लांबून बरा करता आला असता, पण हात लावला. लोक काय म्हणतील, आपण शुद्ध राहू की नाही, याचा हिशेब त्याने केला नाही. ही गोष्ट सांगताना माझा आवाज नेहमी भरून येतो आणि बायका डोळे पुसतात.

पण गाड्याची गोष्ट निराळी आहे. निराळी आहेच. ती मूर्तिपूजा.

मग लुगडे घेताना मी काय म्हणाले होते? लाकूड ते लाकूड, कापड ते कापड. लाकूडच असेल तर ओढायला भिते कशाला? आणि लाकूड नसेल, तर तेरा तारखेला मी काय केले? कसेही फिरवले तरी मीच सापडते. मी भिते ती देवाला, की मडमसाहेबांना, की मेलेल्या बापाला? याचे उत्तर मला माहीत आहे असे वाटते. लिहीत नाही.

सोमवार, २१ ऑक्टोबर

ठरले. सकाळीच मनिरामला सांगितले, उदारामला कळव, उद्या मी गाडा ओढते. मनिराम शिवेवरच मटकन खाली बसला आणि हात जोडू लागला. शामकलाला सांगितले तर ती माझ्या पायावर पडायला लागली. मी ओरडले, उठ, पाया कोणाच्या पडतेस!

मनावरचे ओझे उतरले. बापाला म्हटले, माफ कर, पण तू दगड खाल्लेस ते स्वतःच्या जिवासाठी, मी करते ते दुसऱ्याच्या लेकरासाठी. मडमसाहेबांना पत्र लिहायला घेतले, दोनदा फाडले. उद्या मी जे करणार आहे ते आमच्या मिशनमध्ये किती जणांना जमेल, शंकाच आहे. असे मनात येऊ नये, पण येते.

शामकलाने डोक्यावरून पाणी घेतले. उद्याची तयारी. पोराला कसे धरीन, कुठल्या कुशीला घेईन, सगळे मला सांगून झाले.

आज दिवसभर रडणे ऐकू आले नाही. वारा फिरला असेल.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

शालीकराम गेला. उजाडायच्या आधी.

उदाराम शिवेवर आला तेव्हा हळदकुंकवाची वाटी त्याच्या हातातच होती. म्हणाला, "बाई, पोट्टा गेला. आता ओढा, नाही त नोका ओढू. तुमची मर्जी."

शामकला माझ्या मागेच उभी होती. ओरडली नाही. "ओढा, बाई," म्हणाली. "मले एकदा त हातात घेऊ द्या त्याले."

मग ते लुगडे परत गाड्यावर ठेवले आणि ओढला. कपाळाला लावून घेतले. अनवाणी चालले. "चाल माय" तोंडातून निघेना, तर उदाराम बाजूला चालत हळूच म्हणाला, "मनात म्हनलं तरी चालते." मी मोठ्याने म्हटले. गाडा अगदी हलका होता. पोरांच्या खेळातला असावा तसा, एका हाताने ओढला जाईल असा. जंगलातल्या मोहापर्यंत अर्धा कोसही नाही. शनिवारी सकाळी निघाले असते तर जेवणाच्या वेळेपर्यंत परतले असते.

परत आले तेव्हा शामकला घरात होती. मला आत येऊ दिले, पहिल्यांदाच. ती पोराला मांडीवर घेऊन बसली होती, डाव्या कुशीवर. पुनाराम भिंतीला टेकून. देवकाबाई चुलीपाशी पडली होती, उठवत नव्हते. मी छातीचे ठोके बघायला तिची चोळी सैल केली, तर छाती चोखून चोखून सोललेली, रक्त साकळलेले. शेजारीण म्हणाली, "चार दिस झाले, पोट्टा गप्प राहावा म्हनून आपलीच कोरडी छाती देऊन रायली होती. स्वतः अन्नाले शिवली नाही."

नऊ तारखेला मी हिच्याबद्दल काय लिहिले ते वर आहे. खोडत नाही. राहू दे तसेच.

बुधवार, ६ नोव्हेंबर

पंधरा दिवस वहीला हात लावला नाही. ताप आता ओसरला आहे. छपरात तिघेच आहेत. गावात सत्तरावर माणसे गेली.

गावाचे माझ्याशी वागणे बदलले, ते मला सोसत नाही. बायका वाटेत थांबून हात जोडतात. मालगुजाराने निरोप पाठवला, बाईला शिवेच्या आत जागा देतो, चावडीजवळ. मनिराम ज्याला त्याला सांगतो, पादरीनबाईने आमच्यासाठी स्वतःचा धर्म बाजूला ठेवला. तिकडे गोंदियाहून मडमसाहेबांचे पत्र आले आहे. कुणीतरी कळवलेच. "मी जे ऐकते ते खरे का?" एवढी एकच ओळ. मी उत्तर दिलेले नाही. एकीकडे हात जोडतात, दुसरीकडे जाब विचारतात, आणि दोघांनाही खरी गोष्ट ठाऊक नाही. मी गाडा ओढला हे नव्हे, मी तो तीन दिवस ओढला नाही, ही खरी गोष्ट आहे.

शामकला गेल्या आठवड्यापासून रोज येते. मी बोलावले नव्हते. सासूचे करून येते, छप्पर झाडते, आजाऱ्यांचे धुते, मला किळस येते तेही करते. दूध आटायला तिने छातीला फडके घट्ट बांधले आहे, वाकताना कण्हते. मी म्हटले, बस जरा. म्हणते, "बसली का मंग ऐकू येते."

आज दुपारी ती तांब्यात पाणी भरत होती. पाठमोरीच होती. म्हणाली, "बाई, एक इचारू? तुमी शनवारीच काऊन नाही ओढला?"

रागाने नाही विचारले. तिला खरेच जाणून घ्यायचे होते. या प्रश्नाची मी पंधरा दिवस वाट बघत होते. काय सांगायचे ते शब्द न् शब्द ठरवून ठेवले होते. बाप, मिशन, पाप, भीती, सगळे सांगणार होते, आणि शेवटी क्षमा मागणार होते.

माझ्या तोंडातून निघाले, "शनिवारी मला ताप होता ग. उठवतच नव्हतं."

शनिवारी ती दिवसभर याच छपरात होती. मी उदारामशी ओरडून बोलले ते तिने ऐकले होते. माझ्या हातची पेज प्याली होती.

शामकला वळली. तांब्या खाली ठेवून जवळ आली. पदराला हात पुसला आणि पालथा हात माझ्या कपाळावर ठेवला, आई ठेवते तसा. बराच वेळ ठेवला. मला तिच्याकडे बघवेना.

"उतरला व आता," म्हणाली, आणि तांब्या उचलून आतल्या म्हातारीला पाणी पाजायला गेली.